काटा बसेपर्यंत

नाचणगावच्या रस्त्याला लागून अनुसयाबाईचा वजनकाटा होता. जमिनीत पुरलेला, जाड लोखंडी पत्र्याचा, भरला ट्रक चढला तरी हूं की चूं न करणारा. नवरा मोतीलाल तेलाचा धंदा मोडून हा काटा बसवून गेला, आणि तो गेल्यावर बाईनं काटा जिभेवर चालवला. शाळा म्हणाल तर तिसरीच्या मधातच सुटली होती. पण काट्याच्या खोलीत, खिडकीपाशी ती बसली की लांबून आलेले ट्रकवालेसुद्धा आवाज खाली घेत. कोणी म्हटलं, "बाई, तुमचा काटा कमी दाखवून राह्यला," की ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "रस्ता मोकळा हाये जी."

वजन झालं की गाडी हलवायलाही ती हेच म्हणायची; पण तक्रारीवर म्हटलं, म्हणजे पटत नसेल तर गाडी उतरव आणि चालता हो. पण चालता कोणीच होत नसे. माणूस जरा घुटमळायचा, पागोटं नाहीतर टोपी सारखी करायचा आणि मुकाट्यानं पावती घ्यायचा. दिराला, भाड्याच्या माणसांना, धाकट्या पोराला, सगळ्यांना तिनं हे ऐकवलं होतं आणि सगळे जागेवरच राहिले होते. माणसाला थांबवायचं असेल तर त्याला जा म्हणावं, हे तिचं आयुष्यभराचं शिक्षण होतं.

काट्याला कॉम्प्युटर लावला थोरल्या प्रफुलनं, सत्त्याण्णव साली. पुलगावात तो कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. काट्यापासून खोलीपर्यंत वायर आणली आणि वजनाचा आकडा पडद्यावर दिसू लागला. ट्रकचं ठीक होतं. इंजिन बंद केलं की ट्रक मेल्यासारखा उभा राहतो. पण कापसाच्या दिवसांत बैल जुंपलेल्या बंड्या येत, आणि बैल कशाला उभा राहतो? एक पाय उचलेल, मान झाडेल, शेपटीनं माश्या हाकलेल. आकडा पडद्यावर नुसता नाचायचा.

"आई, आधी तू हातानं वजन घेत होती ना," प्रफुलनं विचारलं. "मंग कसं समजे तुले, काटा बसला म्हणून?"

"शेपूट थांबते. मंग बैल श्वास सोडते. तवा घ्याचा."

प्रफुल हसला नाही. आख्खा हंगाम तो तिच्याजवळ बसला, बंड्या पाहत. मग सी प्लस प्लस या कॉम्प्युटरच्या भाषेत त्यानं प्रोग्रामचा तेवढा तुकडा लिहिला: आकडा नाचतो आहे तोवर गप राहायचं, पुरता निवला की मगच उचलायचा. त्या तुकड्याला नावही द्यावं लागतं म्हणे. त्यानं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं, 'आई थांब'.

"तुले मशीनमंधी घातलं, आई."

"मशीनमंधी घालू नको, आधी रेशन कार्डावरचं वय नीट कर. ऐंशी लिहून ठेवलं मेल्यानं."

पण त्या संध्याकाळी तिनं ते शेजारच्या सुलोचनाबाईला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी विसरल्यासारखं करून पुन्हा सांगितलं.

अंजूही त्या क्लासमधूनच आली. गिरडची पोरगी, बी.एस्सी. झालेली, शिकायला म्हणून आली आणि प्रफुलच्या मनात भरली. अनुसयाबाईनं लग्न लावून दिलं, पण बोलायचं सोडलं नाही. "फी भरून आलती, मुद्दल घेऊन बसली," हे तिचं ठरलेलं. अंजू मान खाली घालून पोळ्या लाटायची आणि दुपारी नवऱ्याच्या शेजारी बसून पडद्यावरची अक्षरं वाचायची. दोघं त्या अक्षरांवरून भांडत. भांडण कशाचं ते अनुसयाबाईला कळत नसे, पण घरात आवाज होता.

मग प्रफुल गेला. नाचणगावच्या वळणावर ऊस भरलेला ट्रॅक्टर उभा होता, मागं लाइट नाही, काही नाही. त्याची मोटारसायकल खाली गेली. सुतकात लोक अंजूकडे बघत आणि अनुसयाबाईकडे बघत, कोण आधी मोडते म्हणून. दोघीही मोडल्या नाहीत. तेराव्यानंतर अनुसयाबाई काट्यावर येऊन बसली. एक बंडी चढली, आकडा नाचला, मशीन थांबलं, थांबलं, आणि मग त्यानं आकडा उचलला. त्या थांबण्यात तिचा पोरगा होता. लोकांना वाटे बुढी दगडाची आहे. बुढी दिवसभर ते थांबणं ऐकत बसायची.

तीन वर्षांनी तो कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला तर जुना प्रोग्राम त्याच्यावर धड चालेना, आणि जिनिंगवाल्यांनाही आता पावत्या थेट त्यांच्या मशीनवर पाहिजे होत्या. धाकट्या निकेशनं नागपूरहून एक माणूस आणला. त्याच्या गळ्यात टाय होता. त्यानं नवा प्रोग्राम लावून दाखवला, रंगीत, खिडक्यांवर खिडक्या. अनुसयाबाईनं रोहण्याच्या कवडूला बंडी चढवायला लावली. प्रोग्रामानं बैलाचा पाय वर असतानाच आकडा उचलला. दुसऱ्यांदा उचलला तो वेगळाच.

"आजी, बैलांना जरा शांत उभं ठेवावं लागेल," टायवाला म्हणाला.

"हाव का? मंग त्याहिलेबी टाय बांधून आणू?" अनुसयाबाई म्हणाली. "जा बाप्पा तुम्ही. रस्ता मोकळा हाये."

तो मात्र गेला. पण तो नागपूरचा होता, त्याचा हिशोब धरायचा नसतो.

निकेश कपाळाला हात लावून बसला. तेव्हा दारात उभी राहून अंजू बोलली. तीन वर्षांत काट्याच्या कामात ती पहिल्यांदा बोलली होती.

"त्याहिचं जुनं लिहिलेलं तसंच ठेवता येते. एक अक्षर न बदलता. नवं त्याच्या बाजूनं लिहाचं अन् दोन्ही मिळून एकच प्रोग्राम कराचा. जुनं सी प्लस प्लस अन् नवं डॉट नेट, एकाच फाइलीत."

"तुले येते?" अनुसयाबाईनं विचारलं.

"शिकून घेतो, आई."

"माह्या पोराच्या लिहिलेल्याले हात लागला तं पाहून घेईन." हा तिचा होकार होता. अंजूला तेवढं कळत होतं.

उन्हाळ्यात निकेशचं लग्न झालं, आर्वीची प्रेरणा घरात आली, आणि अंजू सकाळचं काम तिच्यावर सोपवून काट्याच्या खोलीत बसू लागली. खिडकीशी अनुसयाबाई, कोपऱ्यात अंजू. दिवसभरात दोघींत एखादं बोलणं व्हायचं, तेही बहुतेक टोमण्याचं. पण अकराच्या सुमाराला अनुसयाबाई चहा मागवायची तर दोन मागवायची. दुसरा कप अंजूच्या कोपराजवळ ठेवायची, घे म्हणायची नाही.

प्रोग्राम जुळला आणि पडू लागला. सकाळी छान चालायचा, ट्रकवर ट्रक मोजायचा, आणि दुपारी कधीतरी एकदम पडदा थिजायचा. एखाद्या दिवशी पडायचाच नाही. अंजू डोक्याला फडकं बांधून पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घ्यायची.

"काय बिनसते त्यात?" एकदा अनुसयाबाईनं विचारलं.

"दोघांच्या चाली येगळ्या हायेत, आई. जुन्या भागात ज्यानं वस्तू काढली त्यानंच ती जागेवर ठेवाची. ठेवली नाई तं पडून राह्यते, कोणी पुसत नाई. नव्या भागात तसं नाई. तिथं मागं एक झाडूवाली फिरते. जे कोणाचं नाई ते उचलून फेकते."

"म्हंजे दोन सुना अन् एक चूल."

चहाचे कप न्यायला आलेली प्रेरणा फिसकन हसली. "मंग नवी म्हंजे मी! माह्या मागं झाडूवाली ठेवा ना, आई."

"तुह्या मागं मी हाये ना," अनुसयाबाई म्हणाली, आणि अंजूही हसली. ती हसली की तिच्या नाकाला बारीक घडी पडे. अनुसयाबाईनं ती घडी कितीतरी दिवसांनी पाहिली आणि लगेच खिडकीबाहेर बघितलं.

आषाढात अंजूचा भाऊ कैलास गिरडहून आला. ओसरीवर बसून बहिणीशी हळू बोलत होता, पण अनुसयाबाईचे कान तिच्या जिभेइतकेच धडधाकट होते. हिंगणघाटचे एक मास्तर होते, बायको गेलेली, लेकरू नाही, माणूस चांगला. अंजूचं वय ते काय.

"हे काम हाती हाये, दादा," अंजू म्हणाली. "त्याहिचं हाये. पुरं झालं की सांगतो."

"अन् मंग?"

"मंग पाहू. आईले इचारीन."

त्या दिवसापासून अनुसयाबाईला प्रोग्राम पडला की बरं वाटू लागलं. ती तोंडानं म्हणायची, "पडलं का पुन्हा? बी.एस्सी. म्हणे!" आणि आतून निवायची. कवडू चारा घेऊन आला आणि म्हणाला, "आता तं लई झ्याक चालून राह्यलं, बाई," तर त्याच्यावरच डाफरली, "तुले काय समजते? चुकते ते. मले दिसते." अंजूनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. काय चुकतं ते तिनं विचारलं नाही. पुन्हा वाचायला घेतलं.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी अंजूनं पेन खाली ठेवलं आणि नुसतीच बसून राहिली.

"काय झालं?" अनुसयाबाईनं विचारलं.

"सापडलं, आई."

अनुसयाबाई पावत्यांचा गठ्ठा उगाच सारखा करू लागली. "काय होतं?"

"आकडा बसला की त्याहिचा भाग नव्या भागाले हाक मारते, बसला, छाप आता, म्हणून. ती हाक घ्याले मी नव्या भागात एक जण उभा केलता. जुना भाग सारा त्याच्यावर टेकून. पण झाडूवालीले फक्त आपल्या बाजूचं दिसते. जुन्या बाजूले याची गरज हाये, हे तिले कसं समजन? अन् नव्या बाजूचं तं कोणीच त्याले आमचा म्हणून राह्यलं नाई. तिनं पाह्यलं, याले कोणी नाई, अन् फेकला. मंग जुन्यानं हाक मारली, तं तिथं कोणीच नाई."

"अन् म्हणून पडे?"

"म्हणून पडे. झाडूवाली कवा येईन त्याचा नेम नाई, म्हणून इतके दिवस सापडत नव्हतं."

"मंग आता काय करतं?"

"एक ओळ लिहिली. हा आमचा हाये, याले राहू द्या."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते लिहा लागते, आई." अंजूचा आवाज जरा वेगळा झाला. "ज्याले पाह्यजे त्यानं मनात ठेवून चालत नाई."

खिडकीबाहेर एक रिकामा ट्रक काट्यावरून उतरून गेला. अनुसयाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"एका ओळीसाठी पावसाळा घालवला," ती म्हणाली.

दसऱ्याला काट्याची पूजा असे. ज्याच्या हातानं हत्यार चालतं त्यानंच त्याला हळदकुंकू वाहायचं, ही मोतीलालच्या वेळची रीत. मोतीलालनं काट्याला वाहिलं, प्रफुलनं कॉम्प्युटरला, प्रफुलनंतर निकेशनं. या वर्षी निकेश ताट घेऊन आला आणि सर्वांसमोर म्हणाला, "आवंदा वहिनीच्या हातानं. मशीन वहिनीनं जगवलं."

अंजूनं न्हालेल्या केसांवरून पदर सारखा केला आणि हात पुढे केला. खोलीत शेजारच्या बायका होत्या, सुलोचनाबाई पुढेच होती. तिनं अंजूच्या कपाळाकडे बघितलं, मग ताटातल्या कुंकवाकडे, आणि तिचं तोंड उघडायला लागलं. ते तोंड अनुसयाबाई तीस वर्षं ओळखत होती. आता त्यातून जे निघेल ते सणाच्या दिवशी, चार बायकांत, अंजूच्या कानावर पडेल. ते पडू द्यायचं नव्हतं. अनुसयाबाईनं झटकन ताट निकेशच्या हातून घेतलं आणि प्रेरणाकडे दिलं.

"नव्या सुनेचा पह्यला दसरा हाये. तिच्या हातानं होऊ दे."

सुलोचनाबाईचं तोंड मिटलं. अंजूचा पुढे आलेला हात तसाच वळला आणि मशीनमागची वायर नीट करू लागला. वायर नीटच होती.

तुझ्यासाठीच केलं, हे रात्रीच्या जेवणाआधी सांगायचं असं अनुसयाबाईनं ठरवलं होतं. पण असं सांगायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. कोणाला तिनं कधी सांगितलंच नव्हतं. दिवेलागणीला अंजू सोन्याची पानं घेऊन आली, पाया पडली, पानं तिच्या हातात दिली आणि उठली नाही. तिथंच पायाशी बसून राहिली.

"कैलासदादा उद्या येऊन राह्यला," ती म्हणाली. "हिंगणघाटच्या मास्तरबद्दल इचारते तो. काय सांगू त्याले?"

स्वयंपाकघरात प्रेरणा भांडी लावत होती. ओसरीवर निकेशकडे सोनं द्यायला माणसं आली होती. अनुसयाबाईच्या मुठीत आपट्याची पानं चुरगळत होती. अंजू तिच्या तोंडाकडे बघत होती, बंडीवाले पडद्याकडे बघतात तशी, आकडा कधी बसतो म्हणून.

"मले काय इचारतं?" अनुसयाबाई म्हणाली. "तुह्यासाठी रस्ता मोकळा हाये."

आणि ती वाट बघत राहिली. आता पोरगी घुटमळेल. पदराशी चाळा करेल. म्हणेल, नाही आई, मला कुठं जायचं नाही. सगळे तसंच करत आले होते.

"बरं," अंजू म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी कैलास आला. अंजूनं निकेशला मशीनजवळ बसवून सगळं समजावलं, प्रेरणाच्या हाती मसाल्याच्या कपाटाची चावी दिली, आणि एक बॅग घेऊन माहेरी गिरडला जायला हिंगणघाटच्या एस.टी.त बसली. अनुसयाबाई काट्यावर होती. एस.टी. समोरून गेली तेव्हा तिच्या काट्यावर ट्रक उभा होता, आणि ट्रकच्या आडून तिला काही दिसलं नाही.

हंगाम लागला. बंड्यांची रांग नाचणगावच्या बाजूनं लांबत जाऊ लागली. मशीन पडलं नाही. आज नाही, उद्याही नाही. बैल चढायचे, आकडा नाचायचा, 'आई थांब' थांबायचं, हाक मारायचं, आणि नव्या भागातला तो कोणी एक जागेवर उभा असायचा. पावती कर्रकर्र करत बाहेर यायची. अकरा वाजता चहा यायचा. एक.

"पडलं का?" अनुसयाबाई रोज निकेशला विचारायची.

"नाई ना, आई. वहिनीनं लई पक्कं केलं."

"पक्कं केलं म्हणे," ती पुटपुटायची.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी तिनं निकेशला खोलीत बोलावलं आणि फोन पुढे सरकवला. "गिरडले लाव. तिले सांग, पडलं."

"पण पडलं कुठं हाये?"

"सांग म्हणतो ना मी. म्हण, येऊन पाहून जा. एक दिवस."

निकेशनं आईकडे बघितलं आणि निमूट नंबर लावला. "वहिनी? हाव, मी. ते पडलं, वहिनी... काय दाखवलं? दाखवलं म्हंजे... पडद्यावर ना..." त्याला पुढे काही सुचेना. त्यानं फोन आईच्या हातात दिला आणि बाहेर निघून गेला.

"आई?" तिकडून अंजू म्हणाली.

"हाव."

"बऱ्या आहात ना?"

"मले काय होते? ते मशीन पडलं तुहं."

"कवा पडलं? बंडी होती का ट्रक?"

तेवढ्यात रस्त्यावर कवडूची बंडी आली. अनुसयाबाईनं खिडकीतून जोरजोरात हात हलवला, थांब, चढू नको. कवडूला वाटलं बाई बोलावते आहे. त्यानं बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि बंडी काट्यावर घेतली.

"आई? बंडी होती का?"

"आठवत नाई मले."

पडद्यावर आकडा नाचू लागला. अनुसयाबाई त्याच्याकडे बघत होती. डाव्या बैलानं मान झाडली. आकडा वर गेला, खाली आला. थांबू नको, ती मनातल्या मनात म्हणाली, आज थांबू नको. उजव्या बैलाची शेपटी एकदा फिरली आणि खाली लोंबली. बैलानं श्वास सोडला. आकडा बसला. छापायची मशीन फोनच्या शेजारीच होती. तिनं कर्र कर्र कर्र करत पावती ओढली आणि गप झाली.

अनुसयाबाईनं फोनवर पदर धरला, पण उशीर झाला होता.

"चालू हाये ना, आई," अंजू हळूच म्हणाली.

"हाव," अनुसयाबाई म्हणाली. "चालू हाये."

अंजूनं फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मागं कुठं तरी बाया बोलत होत्या, भांडी वाजत होती, लग्नघरी वाजतात तशी. ती थांबली होती. प्रफुलनं शिकवलेलं थांबणं होतं ते, घाई न करता, समोरच्याचं सगळं निवेपर्यंत. अनुसयाबाईच्या जिभेवर शब्द आला. येजो. परत ये म्हणायचा एवढाच शब्द, निघणाऱ्या पाहुण्यालाही आपण म्हणतोच. जिभेला तो जड नव्हता. पण आयुष्यात ज्या बाजूनं बोलायची सवय नाही त्या बाजूनं जीभ वळेना.

"बाई, पावती!" बाहेरून कवडू ओरडला.

"कवडू उभा हाये," अनुसयाबाई फोनात म्हणाली.

"हाव, आई." अंजू आणखी थोडी थांबली. "ठेवू मंग?"

"ठेव."

तिनं पावती फाडून खिडकीतून दिली. कवडूनं ती टोपीत खोचली आणि कासरा हातात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. वजन झालं की बाई म्हणते, रस्ता मोकळा हाये, आणि मग बंडी हलवायची, इतक्या वर्षांची त्याची सवय. बैलांचीही. मागं ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला.

"बाई, जाऊ ना जी?"

अनुसयाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. बैल काट्यावर तसेच उभे होते, शेपट्या खाली सोडून, आणि आकडा पडद्यावर अगदी स्थिर होता.